हैदराबादला जाताना डावीकडे बसा

वेब चेक-इन उघडलं की विमानाचा नकाशा समोर येतो. रंगीत चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाची वेगळी किंमत. खिडकी हवी असेल तर आणखी काही शे रुपये मोजा, नाहीतर आम्ही देऊ ती सीट घ्या. आपल्यातले बहुतेक जण दुसरा मार्ग पत्करतात आणि मधल्या सीटवर दोन्ही कोपरांना जागा शोधत सव्वा तास काढतात. जे पैसे भरतात तेही ‘खिडकी मिळाली’ एवढ्यावर खूश असतात. कुठली खिडकी, हे कुणी विचारतच नाही. एसटीत बसताना मात्र आपण न चुकता विचारतो, ऊन कुठल्या बाजूला येणार? तेवढं शहाणपण विमानात जाताना कुठे जातं कोण जाणे.

लहानपणी आपल्याला डावं-उजवं करू नये असं शिकवलेलं असतं. या लेखात मी ते उघडपणे करणार आहे. मुंबईहून हैदराबादला जाताना डावीकडे बसावं, असं माझं ठाम मत आहे. आपण ज्यात बसतो त्या बहुतेक विमानांत दोन्हीकडे तीन-तीन सीट असतात. त्यात ‘ए’ म्हणजे डावी खिडकी आणि ‘एफ’ म्हणजे उजवी. ‘ए’ घ्या. फक्त पंखावर बसू नका. साधारण दहाव्या ते विसाव्या ओळीपर्यंत खाली बघितलं की पंखच दिसतो, म्हणून त्याच्या पुढे किंवा थेट मागे बसावं. आणि विमान बोइंग ७३७ असेल तर आणखी एक खबरदारी. त्यात डावीकडे पंखाच्या जरा पुढे एका जागी भिंतीतून वातानुकूलनाची नळी वर जाते, त्यामुळे तिथे खिडकीच नसते. खिडकीचे पैसे भरून भिंत बघत बसण्यापेक्षा आधी सीटचा नकाशा नीट बघावा.

माझी मावशी सिकंदराबादला नर्स आहे. त्यामुळे नाताळची आणि मे महिन्याची सुट्टी धरून गेल्या चार वर्षांत मी हा प्रवास बऱ्याच वेळा केलाय. निम्मा रेल्वेने, निम्मा विमानाने. तिकीट कुठलं स्वस्त पडतं त्यावर ते ठरतं. रेल्वेचा इथे मुद्दाम उल्लेख करतेय, कारण माझा पहिला मुद्दा तिथूनच निघतो. हुसेनसागर एक्सप्रेस पुणे, दौंड, कुर्डुवाडी, सोलापूर, कलबुर्गी, वाडी असं करत जाते. मुंबई आणि हैदराबादमध्ये पट्टी ठेवून रेघ मारली तर ती साधारण सव्वासहाशे किलोमीटरची होते, आणि रेल्वेची ही वाट बहुतेक ठिकाणी त्या रेघेच्या दक्षिणेला पडते. म्हणजे विमानाच्या उजव्या खिडकीतून दिसणारा मुलूख रेल्वेने जाणाऱ्यांनी आधीच पाहिलेला असतो. उत्तरेकडे काय आहे ते मात्र रेल्वे कधीच दाखवत नाही. धाराशिव, बालाघाटाचे डोंगर, लातूरची बाजू, बसवकल्याण, बिदर हे सगळं डाव्या खिडकीचं.

खरं सांगायचं तर आम्हा वसईकरांना ‘उस्मानाबाद’ हे नाव नीट कळलं ते जानेवारी २०२० मध्ये. त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे झालं आणि अध्यक्ष होते आमचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. घराघरांत त्या गावाचं नाव निघत होतं. पण ते नकाशात कुठे येतं, हे आमच्या गल्लीत किती जणांना सांगता आलं असतं याची मला शंका आहे. आता ते धाराशिव आहे. विमानाची सरळ वाट साधारण तुळजापूरच्या आसपासून जाते आणि धाराशिव तिथून उत्तरेला पंधरा-वीस किलोमीटरवर, म्हणजे डावीकडे. (विमान रोज त्याच रेघेवरून जात नाही हे मान्य. वारा, ढग, गर्दी यांप्रमाणे वाट सरकते. पण डावी-उजवी बदलण्याइतकी क्वचितच.)

उन्हाचा मुद्दाही डावीच्याच बाजूने आहे. हे विमान आग्नेयेकडे जातं. डिसेंबरात सकाळच्या विमानाला सूर्य आधी जवळजवळ समोर असतो आणि मग उजवीकडे सरकत जातो. दुपारी तर तो उजवीकडेच. त्यामुळे उजवीकडचे लोक डोळे मिचकावतात आणि शेवटी पडदा खाली ओढतात. डावीकडे सावली असते, काचेवर चकाकी नसते आणि खालची जमीन स्वच्छ दिसते. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र दुपारचा सूर्य आपल्या अक्षांशांवर थोडा उत्तरेला असतो, तेव्हा हा हिशेब उलटा होतो. त्यातले जून-जुलै तर ढगांचेच.

मुंबईतून निघतानाही डावीच. विमान बहुतेक वेळा पश्चिमेकडे, जुहूच्या बाजूने समुद्रावर उडतं आणि मग डावीकडे वळतं. वळताना डावा पंख झुकतो आणि खिडकीत पाण्याच्या कडेला मुंबई तिरकी उभी राहते. माहीमचा उपसागर, वांद्रे–वरळी सी लिंक. यावर मी जास्त लिहीत नाही. मुंबईची स्तुती करणारे इथे पुष्कळ आहेत.

मला बोलायचंय ते घाट संपल्यानंतरच्या भागाबद्दल. हीच ती वेळ, जेव्हा सगळे पडदा लावून फोन काढतात. ‘आता काय, सगळं सारखंच आहे खाली’ हे वाक्य मी मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत ऐकलंय. सारखं? याच भागात खालची जमीन तीनदा रंग बदलते! आधी काळी माती. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा हा बेसॉल्ट, आपला सगळा सह्याद्री त्याचाच. मग बिदर-जहीराबादच्या बाजूला ती काळी जमीन तांबडी होते. हा जांभा खडक, आम्हा कोकणपट्टीच्या लोकांना ओळखीचा; बिदरचा किल्लाही त्याचाच आहे. आणि त्यापुढे, विमान खाली उतरायला लागतं तेव्हा करड्या रंगाचे गोल गोल धोंडे दिसू लागतात. कुणीतरी एकावर एक रचून ठेवल्यासारखे. हा ग्रॅनाइट, सुमारे अडीचशे कोटी वर्षं जुना. म्हणजे तासाभरात तुम्ही साडेसहा कोटींवरून अडीचशे कोटींवर जाता. तेवढ्या वेळात शेजारचा माणूस एका वेब सिरीजचा एक भाग संपवतो.

या रंगांपेक्षाही पाण्याकडे बघा असं मी म्हणेन. बार्शी-धाराशिवच्या वरून जाताना खाली टिकल्यांएवढे चौकोनी ठिपके चमकतात, निळसर-काळे, कडा एकदम सरळ. ती शेततळी. तळाला प्लास्टिक अंथरलेलं असतं म्हणून पाणी मुरत नाही. २०१६ पासून महाराष्ट्रात ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली. मूळ कल्पना पावसाचं पाणी अडवण्याची. पण प्लास्टिकचं तळं पुष्कळदा विहिरीचं किंवा बोअरचं पाणी उपसून भरलं जातं, द्राक्ष-डाळिंबाची बाग जगवायला. जमिनीखाली सगळ्यांचं असलेलं पाणी वर येऊन एकाचं होतं, आणि वर उन्हात त्याची वाफ होते ती वेगळीच. मी शेतकऱ्याला नावं ठेवत नाहीये. ज्याची बाग वाळतेय त्याने काय करावं हे वसईत बसून मी सांगू नये. पण वरून हे ठिपके दिसले की आकडेवारी न वाचताही कळतं की इथे प्रत्येक जण आपापलं पाणी राखून बसलाय.

आणखी तासाचा चतकोर गेला की तेलंगण लागतं आणि पाण्याचा आकार बदलतो. आता सरळ कडा फक्त एकाच बाजूला. तो बांध. बाकीच्या बाजू ओबडधोबड, बोटं पसरल्यासारख्या. हे गावतलाव. काकतीयांच्या काळापासून, म्हणजे सात-आठशे वर्षांपासून या भागात असे तलाव बांधत आले. एकाचं पाणी भरलं की ओसंडून पुढच्यात जाणार, अशी त्यांची माळ असते. तेलंगण राज्य झाल्यावर ‘मिशन काकतीय’ सुरू झालं तेव्हा गाळ काढायच्या यादीत सेहेचाळीस हजारांहून जास्त तलाव होते. त्यातले किती नीट झाले हा वादाचा विषय आहे. पण आकाशातून बघताना तो चौकोन आणि हा अर्धचंद्र, यांतला फरक माझ्या डोक्यातून जात नाही.

या दोन्हींना जोडणारी एक नदी आहे. मांजरा. बीड जिल्ह्यात बालाघाटात उगम, मग लातूर, बिदर आणि पुढे तेलंगण. विमान तिच्यावरून थेट जात नाही. ती सगळा वेळ डावीकडे, दूर असते. स्वच्छ हवा असेल तर शेवटी शेवटी सिंगूर धरणाचं पाणी क्षितिजाजवळ एक पांढरी रेघ होऊन दिसतं. मांजराचंच पाणी, हैदराबादला पिण्यासाठी आलेलं. आणि त्याच नदीवरचं वरचं धरण कोरडं पडलं म्हणून एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आम्ही तेव्हा शाळेत होतो, टीव्हीवर ती गाडी पाहिली होती. निबंधाला विषयही आला होता. पण लातूर कुठे आहे आणि त्याची नदी पुढे कुणाला पाणी देते, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

वर्गातला माझा एक मित्र इंदापूर तालुक्यातला आहे. या लेखाचा विषय सांगितला तर तो म्हणाला, ‘‘खुळी आहेस का? उजवीकडे उजनी आहे!’’ बरोबर आहे त्याचं. दौंड सोडल्यावर भीमेचं ते पसरलेलं पाणी उजव्या खिडकीत दिसतं, आणि या सगळ्या वाटेवरचं तेच सगळ्यात मोठं पाणी. जवळजवळ एकशे सतरा टीएमसी साठवण. पावसाळ्यानंतर बघावं तर समुद्रासारखं. मी म्हटलं, फ्लेमिंगो काय दहा किलोमीटर वरून दिसणारेत? तो म्हणाला, फ्लेमिंगोंचं कोण बोलतंय, आमचं गाव आहे तिथे खाली. १९८० मध्ये धरण झालं, त्याच्या आजोबांचं शेत आणि घर पाण्यात गेलं. त्या पाण्यात पळसदेवचं जुनं मंदिर आहे, उन्हाळ्यात पाणी फार आटलं की ते वर येतं. लोक होडीने बघायला जातात, फोटो काढतात. त्याचे आजोबा जात नाहीत.

यावर मी काय बोलणार? त्याने उजवीकडेच बसावं. माझा वाद त्याच्याशी नाहीच. तो कुठल्या बाजूला बसायचं हे कारणासकट सांगतो. माझा वाद ‘सुंदर बाजू कुठली’ एवढंच विचारणाऱ्यांशी आहे. त्यांच्या लेखी उजनी सुंदर कारण ती निळी, आणि धाराशिव रटाळ कारण ते तपकिरी.

आणि माझ्या डाव्या खिडकीचा शेवट तर अजून सांगितलाच नाही. शमशाबादचा विमानतळ मार्च २००८ मध्ये सुरू झाला, त्याआधी विमानं शहरात बेगमपेटला उतरायची. शमशाबादची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि शहर तिच्या उत्तरेला. विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उतरतं. हिवाळ्यात वारा पूर्वेकडून असतो, त्यामुळे मुंबईहून आलेलं विमान पश्चिमेकडून सरळ आत शिरतं. अशा वेळी डाव्या खिडकीत आधी विकाराबादजवळची अनंतगिरीची झाडी येते, जिथे मुसी नदी उगम पावते. मग उस्मान सागर, मग हिमायत सागर, त्यांच्यामागे गोवळकोंड्याची टेकडी आणि सगळं शहर. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, विमान वळसा घालून पूर्वेकडून उतरतं, आणि मग शहर उजवीकडे. तेव्हा नशिबावर सोडा.

उस्मान सागर आणि उस्मानाबाद, दोन्ही नावं त्याच शेवटच्या निजामाची, मीर उस्मान अली खान यांची. हिमायत सागर त्यांच्या मुलाच्या नावाचा. डाव्या खिडकीतला जवळजवळ सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. त्या वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात आला, बिदर म्हैसूरकडे गेलं, हैदराबाद आंध्रात. आज वरून त्या रेषा कुठेच दिसत नाहीत. मावशीच्या शेजारी राहणाऱ्या लातूरच्या आजी अजून ‘आमचं हैदराबाद’ म्हणतात आणि त्यांना ते अजिबात चुकीचं वाटत नाही.

हे दोन तलाव हौसेने बांधलेले नाहीत. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसीला पूर आला आणि हजारो माणसं गेली. त्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा सल्ला घेतला गेला. हे तेच, पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेले आणि खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे. वरच्या अंगाला पाणी अडवायचं ठरलं, १९२० मध्ये उस्मान सागर झाला, १९२७ मध्ये हिमायत सागर. पूर अडला आणि शहराला पिण्याचं पाणीही मिळालं. १९९६ मध्ये या तलावांभोवतीच्या दहा किलोमीटरच्या पट्ट्यात, चौऱ्याऐंशी गावांत, मोठ्या बांधकामांना मनाई करणारा शासन आदेश १११ निघाला. २०२२ मध्ये तो उठवायचा निर्णय झाला. खिडकीतून बघताना कळतं की हा वाद कशाबद्दल आहे. एका बाजूला दोन तलाव आणि त्यांच्याभोवतीचा मोकळा, हिरवट-तपकिरी पट्टा. दुसऱ्या बाजूला कोकापेट-गच्चीबावलीच्या उंच इमारती, क्रेनसकट. मधून रिंग रोड जातो. दर नाताळला मी बघते तेव्हा क्रेन तलावाच्या बाजूला सरकलेल्या वाटतात. मोजलेलं नाही, नुसतं बघते. पण ते बघायला तिकिटाव्यतिरिक्त काही शे रुपयेच लागतात, आणि शहराचा विकास आराखडा समजायला याहून स्वस्त जागा मला माहीत नाही.

पैसे नसतील तर? उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी सगळ्या खिडक्यांचे पडदे वर ठेवावेच लागतात, तसा नियमच आहे. तेवढी मिनिटं मधल्या सीटवरूनही मान वळवून बघता येतं. शेजारच्याने वाटेत पडदा ओढला तर ‘जरा उघडता का, काका?’ असं विचारावं. मी विचारते. बहुतेक काका उघडतात. एकदा एका काकांनी उघडला आणि म्हणाले, ‘‘बेटा, काय बघतेस एवढं? काही नाही तिथे.’’ मी त्यांना खालचं बसवकल्याण दाखवलं. ते स्वतः बसवकल्याणचे निघाले. आयुष्यात पन्नासेक वेळा या विमानात बसले असतील, गाव वरून पहिल्यांदा बघत होते. मग पुढचा अर्धा तास मला काही बघता आलं नाही, कारण काचेला त्यांचं डोकं होतं.

परत येताना हे सगळं उलटं. मुंबईकडे येताना उत्तर उजव्या हाताला असते, म्हणून ‘एफ’ घ्यायची. शेवटी मुंबईत पूर्वेकडून उतरलात तर पवई आणि विहारचे तलाव आणि नॅशनल पार्कचं जंगलही उजवीकडेच येतं.